गाणे रचावे, गाणे टिपावे

मुंबईहून सुरतेस जाणारी गाडी सचिन आणि भेस्तान मागे टाकून पुढे सरकली, की सुरतेच्या अलीकडे एक जंक्शन लागते. त्याचे नाव उधना. मुंबईचे बहुतेक उतारू येथे उतरत नाहीत, कारण त्यांची दृष्टी सुरतेकडे लागलेली असते. परंतु याच ठिकाणी रुळांची एक जोडी मुख्य मार्गापासून वेगळी होऊन पूर्वेकडे वळते आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असे थांबे घेत तीनशेच्या आसपास किलोमीटर चालून जळगावास पोहोचते. हीच तापी खोऱ्याची रेल्वे. एकोणिसावे शतक संपत असताना ती बांधली गेली, ती मुख्यतः खानदेशातील कापूस बाहेर काढण्याच्या सोयीसाठी. पुढे त्याच रुळांवरून खानदेशातील माणसेही बाहेर पडतील, असे ती आखणाऱ्यांच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. १९६० सालच्या एप्रिलअखेरपर्यंत या मार्गाची दोन्ही टोके एकाच मुंबई राज्यात होती. त्या वर्षीच्या १ मे रोजी राज्ये वेगळी झाली आणि नवापूरच्या स्थानकातून सीमारेषा अशी काही गेली, की त्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत राहिला. गाडीला त्याचे काही वाटले नाही. ती पूर्वीप्रमाणेच धावत राहिली आणि दुष्काळाच्या वर्षांत तर अधिकच भरून धावली.

या गाडीतून उतरलेल्या माणसांनी उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्या गजबजून टाकल्या. त्यांतील पुष्कळांचे पोट यंत्रमागावर आणि कापड रंगविण्याच्या कारखान्यांवर चालते. त्यांची घरातली बोली अहिराणी. मुलांच्या शाळेची भाषा कुठे मराठी, कुठे गुजराती, कुठे हिंदी. सुरतेची महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, हे महाराष्ट्रातील अनेकांना ठाऊक नसते. आजचे भाषण या वस्तीतील एका छंदाविषयी आहे. हा छंद म्हणजे आपले गाणे आपणच रचावे, त्याला चाल लावावी आणि कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता ते आपल्या खोलीत ध्वनिमुद्रित करावे. अहिराणी गीते आज इंटरनेटवर मोठ्या प्रमाणावर ऐकली जातात, लग्नाच्या हळदीत आणि वरातीत वाजतात. त्यांतील कित्येकांचा जन्म असाच, कामावरून घरी आलेल्या माणसाच्या हौसेतून झालेला असतो.

हौस हा शब्द आपण थोडा हलक्याने वापरतो. ज्याला ते काम धड येत नाही तो हौशी, असा त्यात एक गर्भित टोमणा असतो. परंतु मराठी गाण्याचा इतिहास पाहिला, तर हौशी माणसांनीच त्यातील पुष्कळ दारे उघडली आहेत. मराठी भावगीताचा आरंभ ज्या ध्वनिमुद्रिकेपासून धरतात, ती १९३०च्या दशकाच्या आरंभीची ‘शीळ’. तिचे कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरचे वकील आणि गायक जी. एन. जोशी हेही वकिलीच शिकलेले. शास्त्रीय संगीताची शिस्तवार स्वरलिपी घालून ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सिद्ध करणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही व्यवसायाने वकील. संगीतावर ज्यांचे पोट नव्हते, त्यांनीच संगीतासाठी वणवण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि गाणे ही ‘छंदाची’, म्हणजे कामाच्या वेळेबाहेरची गोष्ट केव्हापासून झाली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. जात्यावर बसलेली बाई ओवी गाते तेव्हा ती छंद करीत नसते, दळीत असते. जात्याची गती तिच्या हातात असते. दम लागला की जाते मंदावते आणि ओवीही मंदावते. मोट हाकणारा, नांगर धरणारा, भात लावणारी, सर्वांच्या कामात गाण्याला जागा होती, कारण कामाचा ठेका माणसाच्या अंगातून निघत होता. हातमागावरील विणकरही गाऊ शकत असे. कबीर विणकर होता हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्याचा माग बोलका असला तरी गाणे बुडवून टाकणारा नव्हता हे सांगावयाचे राहून जाते. यंत्रमागाची गोष्ट निराळी. साधा धोट्याचा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक ठोके देतो, आणि एका शेडमध्ये असे कितीतरी माग एकदम चालतात. तेथे शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर कानाशी तोंड न्यावे लागते किंवा हाताने खुणा कराव्या लागतात. मागाच्या आवाजात ठेका आहे असे दुरून ऐकणाऱ्यास वाटते. पण त्या ठेक्यात सम नाही, खाली नाही, विसावा नाही. त्यावर गाणे बसत नाही. बारा तासांच्या पाळीतून गाणे असे हद्दपार झाले, आणि पाळी संपल्यावर जो तासभर उरतो त्यात त्याला जागा शोधावी लागली. उधन्यातील गाण्याचा छंद हा सुखवस्तूंच्या फावल्या वेळेचा छंद नव्हे. कामाने बाहेर टाकलेली वस्तू तेथे घरात उचलून आणलेली आहे.

आता या घरात ध्वनिमुद्रणाचे यंत्र कसे आले, ते पाहू. याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे, कारण जी गोष्ट आरंभी घराची होती ती मध्येच घरातून गेली आणि शंभर वर्षांनी परत आली.

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला, तेव्हा ते यंत्र बोलत असे आणि ऐकतही असे. त्याच नळीवर आवाज कोरता येई आणि त्याच नळीवरून तो पुन्हा ऐकता येई. दुसऱ्याच वर्षी एडिसनने या यंत्राचे जे उपयोग छापून प्रसिद्ध केले, त्यांत पत्रांचा मजकूर सांगणे अग्रभागी होते, संगीत होते, आणि घरातील माणसांचे आवाज जपून ठेवणे हेही होते. पुढे मेणाच्या नळ्या बाजारात आल्यावर पाश्चात्त्य देशांतील कित्येक घरांत लोकांनी आपली गाणी, मुलांचे बोबडे बोल त्यांवर उतरवून घेतले. परंतु १८८७ साली एमिल बर्लिनर याने तबकडीच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पारडे फिरले. तबकडी एका साच्यावरून हजारोंच्या संख्येने छापता येत असे, हा तिचा मोठा गुण. घरच्या ग्रामोफोनवर ती फक्त वाजविता येई, कोरता येत नसे, हा तिचा दोष. व्यापाराने गुण पाहिला. घर पैसे देऊन ऐकणारे झाले आणि गाणारा कंपनीच्या खोलीत गेला.

आपल्याकडे १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास यंत्रे घेऊन आला आणि त्याने गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला. आरंभीच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून येत. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. या तीन मिनिटांनी आपल्या गाण्याचा आकारच बदलून टाकला. तासभर रंगणारी बैठक आखडली, ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी असा बांधा ठरला, वाद्यांचे तुकडे मोजून बसविले गेले. मुळात हे बंधन यंत्राचे होते, पण कवी आणि गायक यांनी त्याचाच अलंकार केला. आजच्या यंत्राला वेळेची मर्यादा नाही. तरीसुद्धा उधन्यातील मुलगा गाणे करावयास बसतो, तेव्हा तेही साधारण तेवढेच होते. साचा मोडला तरी मूर्तीचा आकार राहतो तो असा.

यंत्र घरी परत येण्यास लोहचुंबकाची मदत झाली. पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज घेण्याची युक्ती डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेनने १८९८ साली काढली होती. फितीचे यंत्र १९३५ साली जर्मनीने बर्लिनच्या प्रदर्शनात जगासमोर ठेवले. फितीवरील आवाज पुसून पुन्हा घेता येतो, फीत कापून जोडता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत गेली. लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने हॉलीवूडमधील आपल्या घराच्या मोटारखान्यात तत्पूर्वीच एक खटपट आरंभिली होती. आधी एक गिटार मुद्रित करावयाची, मग ती वाजवीत तिच्यावर दुसरी, मग तिसरी. १९४८ साली त्याने या रीतीने केलेली तबकडी बाजारात आली, तेव्हा एकाच माणसाने आठ गिटारींचा वाद्यमेळ उभा केलेला ऐकून लोक चकित झाले. आज घरी गाणे करणारा प्रत्येक माणूस लेस पॉलचे नाव ऐकलेले नसताना त्याचीच रीत चालवीत असतो.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट काढली, ती आपल्याकडे सत्तरच्या दशकात आणि त्यानंतर पसरली. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर आला आणि मग गल्लीबोळांतील दुकानांत आला. मोठ्या कंपनीचा एकछत्री अंमल मोडला. भीमगीते, कोळीगीते, देवीची आणि विठ्ठलाची गाणी यांना ग्रामोफोनच्या काळात जे दार किलकिले होते, ते सताड उघडले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या खेड्यात पुस्तक पोहोचले नव्हते, तेथे कॅसेटीतून पोहोचला. कॅसेटीने चोरटा व्यापारही बोकाळला, हे खरे आहे. परंतु तिच्यातील एक गुण विसरता येत नाही. तिच्या यंत्राला एक तांबडी कळ होती. ती दाबली की ऐकणारा मुद्रण करणारा होत असे. फोनोग्राफबरोबर गेलेली सत्ता त्या कळीने परत दिली.

१९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने त्याच कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक घेता येतील असे एक सुटसुटीत यंत्र काढले. अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२च्या जानेवारीत आपल्या घरी अशा यंत्रावर काही गाण्यांचा कच्चा खर्डा केला. नंतर मोठ्या स्टुडिओत वादकांसह ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण खर्ड्यात जे होते ते तेथे सापडेना. अखेर तो खर्डाच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मोठी खोली आणि महाग यंत्र यांनीच गाणे चांगले होते, या समजुतीला असे तडे पूर्वीच गेलेले आहेत. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता येईल अशी ‘मिडी’ नावाची सामाईक भाषा ठरली. २००० साली ‘ऑडॅसिटी’ हा फुकट मिळणारा मुद्रणाचा प्रोग्रॅम निघाला. आणि आता तर खिशातला फोन एका सेकंदात आवाजाचे चव्वेचाळीस हजारांहून अधिक नमुने टिपतो. १९८२च्या काँपॅक्ट डिस्कने जो दर्जा ठरविला, तोच हा.

यंत्राची गोष्ट येथवर. गाणे रचावयाचे कसे, हे मात्र यंत्र शिकवीत नाही.

मराठीत ही विद्या शिकण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. ती म्हणजे दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसविणे. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एका दुसऱ्याच पदाचे नाव दिलेले असते. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदे लावण्या, साक्या, दिंड्या, कर्नाटकी चाली, कीर्तनातील चाली अशा लोकांच्या कानात असलेल्या घाटांत ओतलेली होती. किर्लोस्करांना कोणी चोर म्हटले नाही. वामनदादा कर्डक यांचेच पाहा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरीवर आला, मोठेपणी अक्षरे शिकला, आणि जोडाक्षरे गिरविली ती दुकानांच्या पाट्या वाचून. १९४३ साली त्यांनी जे पहिले गीत केले, ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते असे सांगतात. त्या पहिल्या पायरीवरून ते पुढे हजारो गीतांपर्यंत गेले. उसनी चाल ही पांगुळगाड्यासारखी आहे. मूल तिच्या आधाराने पाऊल टाकावयास शिकते. शब्द लांबला की कोठे खटकतो, ऱ्हस्वावर सम आली तर गाणे कसे लंगडते, आठ मात्रांच्या कहरव्यात एक अक्षर जास्त झाले तर श्वास कोठे अडतो, हे सारे दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द घालतानाच समजते. वृत्तांची नावे पाठ करून ते समजत नाही.

परंतु येथे एक कायद्याची गोष्ट आहे, आणि ती हौशी मंडळींच्या कानी क्वचितच जाते. किर्लोस्करांच्या चाली लोकांच्या होत्या. चित्रपटगीताची चाल मालकीची असते. आपल्याकडील १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे तीन वेगवेगळे हक्क असतात. हिंदी सिनेमाच्या चालीवर अहिराणी शब्द बसवून ते घरी म्हणावे, शिकावे, यात कोणाचे काही जात नाही. पण ते इंटरनेटवर प्रसिद्ध केले, की कंपनीचे यंत्र ती चाल ओळखते, आणि गाणे उतरविले जाते किंवा त्याचे उत्पन्न दुसरीकडे वळते. २०१२ साली या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा बळकट केला आहे. तो उधन्यातील गीतकारालाही लागू आहे, पण गाणे त्याचे स्वतःचे असेल तर. तेव्हा पांगुळगाडा कोठे सोडावयाचा, हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. माझे तर मत असे, की खानदेशच्या माणसाला मुंबईची चाल उसनी घेण्याचे कारणच फारसे नाही. आखाजीच्या झोक्याची गाणी, गौराईची गाणी, कानबाईची गाणी, हळदीची गाणी, एवढे धन त्याच्या आजीच्या तोंडी आहे, आणि त्यावर कोणत्याही कंपनीचा शिक्का नाही.

आजीच्या तोंडी आहे, हे सांगतानाच मन थोडे अस्वस्थ होते, आणि त्याला कारण बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळील असोद्याचा. त्यांची बोली लेवा गणबोली. खानदेशी म्हटले की सरसकट अहिराणी समजण्याची आपली चूक येथे दुरुस्त करून घेतलेली बरी. ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांबरोबर बसविले होते. ती मांडणी पुढील काळात सर्वांनी मानली असे नाही, पण तापीकाठच्या बोलींचा गुंता किती आहे हे त्यावरून कळते. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वेळोवेळी लिहून घेतली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि मराठी कवितेला एक नवा तारा लाभला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

हे झाले शब्दांचे. चालीचे काय झाले? वहीत शब्द उतरतात, चाल उतरत नाही. १९६१ सालच्या अनंत माने यांच्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवार यांनी बहिणाबाईंच्या गाण्यांना चाली लावल्या, सुमन कल्याणपूर यांनी ती गायिली, आणि महाराष्ट्राच्या कानात ती गाणी त्याच रूपाने बसली. त्या चाली गोड आहेत यात शंका नाही. परंतु त्या वसंत पवारांच्या आहेत. ओवीचा छंद पाहून आपण अदमास बांधू शकतो की बहिणाबाई साधारण अशा वळणाने म्हणत असतील. पण कोणत्या शब्दावर त्या थांबत, कोठे आवाज चढवीत, कोठे हसत, हे पुस्तक सांगत नाही. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात तबकड्या होत्या, रेडिओ होता, युरोपात फीतयंत्रही निघाले होते. जळगावच्या शेतकऱ्याच्या घरात यांपैकी आवाज टिपणारे काही नव्हते, एवढीच गोष्ट.

आज उधन्याच्या प्रत्येक खोलीत असे यंत्र आहे. म्हणून ही हौस मला नुसती करमणूक वाटत नाही. ज्या आजी दोंडाईच्याहून किंवा शिंदखेड्याहून मुलांबरोबर सुरतेस आल्या, त्यांच्याबरोबर आलेली गाणी नातवंडांच्या शाळेच्या भाषेत नाहीत. ती त्यांच्याबरोबरच जातील, किंवा कोणी तरी तांबडी कळ दाबील.

तेव्हा घरी मुद्रण करावयाचे कसे, याविषयी दोन गोष्टी सांगणे अप्रस्तुत होणार नाही. खोली लहान, भिंती उघड्या, वर पत्रा, असा देखावा असला की आवाज भिंतींवर आपटून डब्यात बोलल्यासारखा होतो. त्यावर उपाय घरातच असतो. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी गाणाराच्या मागे आणि बाजूला टांगावी. ती आवाजाचा प्रतिध्वनी जितका शोषते, तितका दुकानातून आणलेला पातळ स्पंज शोषीत नाही. पंखा बंद करावा. ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ यांचा फुत्कार थेट त्यावर जात नाही. प्रथम नुसता ठेका मुद्रित करावा. मग तो कानाला श्रवणयंत्र लावून ऐकत गाणे म्हणावे, म्हणजे ठेक्याचा आवाज गळ्याच्या मुद्रणात मिसळत नाही आणि पुढे दोन्ही स्वतंत्रपणे लहानमोठे करता येतात. आवाजाची पातळी दाखविणारी रेघ तांबड्यात जाऊ देऊ नये. फितीवर आवाज थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेई, पण आकड्यांच्या मुद्रणात तो एकदा फाटला की फाटलाच. सात-आठ ट्रॅक करण्याच्या मोहात आरंभी पडू नये. एक गळा, एक ढोलकी, एक पेटी यांत गाणे उभे राहत नसेल, तर आणखी दहा वाद्यांनीही ते उभे राहत नाही.

पेटीवरून एक जुना वाद आठवतो. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. आक्षेप असा होता की पेटीचे बारा स्वर ठोकून बसविलेले असतात. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, आणि तिच्या संगतीने गाणाराचा गळाही तसाच चौकोनी होतो. बंदी टोकाची होती आणि तिने कित्येक चांगल्या पेटीवाल्यांवर अन्याय केला. पण आक्षेपात तथ्य नव्हते असे कोणी म्हणू नये. आज तोच प्रश्न नव्या रूपाने आला आहे. १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन गृहस्थाने सूर आपोआप नीट करणारी ‘ऑटो-ट्यून’ ही युक्ती बाजारात आणली. हा गृहस्थ आधी जमिनीखालील तेलाच्या शोधासाठी ध्वनिलहरींचे गणित करीत असे. त्याच्या या युक्तीने गळा जवळच्या ठरीव स्वरावर ओढून बसविला जातो. लग्नाच्या वरातीतील गाण्याला ती झळाळी शोभून दिसत असेल. परंतु आजीच्या ओवीला हे यंत्र लावले, तर तिचा गंधार जो दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठे तरी राहतो, तो पुसला जातो, आणि त्या सुरातच ती ओवी असते. जुन्या गाण्याचे मूळ मुद्रण जसेच्या तसे वेगळे ठेवावे आणि नटविणे-सजविणे त्याच्या प्रतीवर करावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक मोठा आदर्श आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी पुण्याजवळच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांतून शेकडो गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या, आणि १९९०च्या दशकात त्यांतील पुष्कळ बायकांच्या आवाजांत मुद्रितही झाल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर बाईचे नाव आणि गाव लिहिलेले असते. हौशी मुद्रण करणाऱ्याने त्यांपासून घ्यावयाचा धडा हाच. नाव-गाव नसलेला आवाज दहा वर्षांनी घरच्या माणसांनाही ओळखू येत नाही.

आणखी एक शेजारचे उदाहरण द्यावयाचे तर मालेगावचे. तेही यंत्रमागांचेच गाव. तेथे २०००च्या सुमारास नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी घरगुती कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट केला, आणि त्यातून स्थानिक चित्रपटांची एक परंपराच उभी राहिली. मुंबईच्या चित्रपटाची नक्कल म्हणून जे सुरू झाले, त्याची पुढे मुंबईलाच दखल घ्यावी लागली. खानदेशच्या कडेची ही सारी मागाची गावे पोटासाठी कापड विणतात आणि उरलेल्या वेळात काय करतात, यावर कोणी तरी सविस्तर लिहावयास हवे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. उधना-लिंबायतेतही बसते. रोट होतात, नारळाला देवीचे रूप देऊन सजवितात, रात्र जागवितात, आणि सोमवारी विसर्जन होते. रात्रभर बायका गात असतात. त्या रात्री फोन मध्यभागी न ठेवता मुख्य गाणाऱ्या बाईच्या जवळ, पाटावर घडी घातलेल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे टाळ्यांचा आणि भांड्यांचा आवाज तिच्यावर चढत नाही. गाणे संपल्यावर लगेच कळ बंद करू नये. त्या गाण्याविषयी बायका आपसांत जे बोलतात, हे कडवे माझ्या माहेरी निराळे म्हणतात, हे मी सासूपासून शिकले, ते सारे राहू द्यावे. आणि आरंभी मुद्रण करणाराने स्वतःच्या आवाजात चार गोष्टी बोलून ठेवाव्यात: गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे मूळ गाव, तिने गाणे कोणापासून घेतले ते, आणि तारीख.